आठ दिवस टाकते

३ एप्रिल, बुधवार

ताई,

पत्राच्या वर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं होतं, पण मी सातवीत शाळा सोडली आणि ते तिथंच राहिलं. म्हणून नुसतं ताई लिहिलंय. राग मानू नका. मानायचाच असेल तर पुढं बरीच जागा आहे.

फोन तुम्ही उचलत नाही. परवा उचललात आणि "कामात आहे गं" म्हणून ठेवलात. मागून गुंडीचा आवाज येत होता. "माझी आई तसं नाही करत," असं ती कुणाला तरी सांगत होती. काय तसं नाही करत ते कळायच्या आत कट. आणि आता फोन माझाच मेलाय, कारण मास्तरनं चार्जर खाल्ला. तुमच्या भावानं परगावी कामावर जाताना पोरीला सोबत म्हणून जे दोन ससे आणून ठेवले त्यातला पांढरा तो मास्तर आणि करडी ती मावशी. नावं गुंडीनं ठेवलीत. एक नाक उडवत सगळ्यांकडे रागानं बघतो म्हणून मास्तर. दुसरी बसल्या जागेवरून हलत नाही म्हणून मावशी. बापाऐवजी ससे. पण ते असू द्या.

आठ दिवस म्हणून पोरगी तुमच्याकडे ठेवली, आज बारा झाले. तिचा हात कसा आहे? तळहाताला मलम दोन वेळा लावायचं. खपली धरली की ती खाजवते, तर झोपताना पिशवीतला माझा जुना मोजा हातात घाला. दुधावरची साय काढा, नाहीतर ती घोट तोंडात धरून बसते, गिळत नाही आणि सांगतही नाही. वेणी घट्ट नको.

त्या दिवशी काय झालं ते तुम्ही परत परत विचारता. परत लिहिते. मास्तरनं टेबलफॅनची वायर कुरतडली होती. मी पाणी आणायला खाली गेले होते. पाच मिनिटं. तेवढ्यात तिनं हात लावला. पाच मिनिटांत झालं सगळं.

आता खरं लिहायचं ते. आमच्या शेजारची शिवणवाली सांगत होती की तुम्ही तिला म्हणालात, "हिनं पोर टाकली माझ्या दारात." ताई, मी टाकली नाही. मी तुमच्या दारात उभी राहून म्हटलं, "आठ दिवस टाकते तुमच्याकडे, हात बरा झाला की नेते." माझ्याच तोंडचा शब्द, नाही म्हणत नाही. पण आपण सगळेच तसं बोलतो. पोराला शाळेत टाकतो, कपडे वाळत टाकतो, सशांपुढं गवत टाकतो. म्हणून काय सोडून देतो? तुम्ही माझ्या वाक्यातलं आठ दिवस गाळलंत आणि टाकते तेवढं ठेवलंत. तुमच्या भावालाही तेवढंच कळवलंत.

तुम्ही म्हणालात, ससे घालव आणि मग पोर ने. बरं. घालवते. रविवारी येते तेव्हा बोलू.

९ एप्रिल, मंगळवार

ताई,

रविवारी बोलू म्हटलं होतं, बोलणं झालंच नाही. मी आले, तुम्ही पाणी दिलंत आणि घड्याळासमोर बसलात. गुंडी माझ्या मांडीवर बसून सशांचं विचारत होती. मास्तरनं काय खाल्लं, मावशी अजून तिच्या उशीवर बसते का. मग तुम्ही आत जाऊन धाकट्या लेकाला म्हणालात, "आठवड्यातून एकदा उगवते, तासभर बसते, निघून जाते. हिच्यापेक्षा पाहुणी बरी." दाराला पडदा आहे ताई, भिंत नाही. ऐकू येतं.

रविवारीच सुट्टी असते मला. दोन बस बदलून यायला दीड तास, जायला दीड तास. हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी थांबत नाहीत. रोज ढीग तेवढाच. दोन बायका चादरीची दोन टोकं धरून एकमेकींकडे चालत जातो, घडी होते, परत मागं. दिवसभर असं चालत असते मी, पोचत कुठंच नाही.

सशांचं सांगते. ज्या दुकानातून तुमच्या भावानं आणले तिथं टोपलीत घालून दोघांना घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, "विकलेला माल परत नाही घेत बाई. आणि ही आता पिल्लं राहिलीत का? लोकांना मुठीतला ससा लागतो." मी म्हटलं, फुकट घ्या. तो म्हणाला, "फुकटात तर अजिबात नको. खायला कोण घालणार?"

खालचा गॅरेजवाला मात्र लगेच हो म्हणाला. "दोन्ही देता? द्या की."

"पाळणार ना?" मी विचारलं.

"पाळीन की," तो म्हणाला, "रविवारपर्यंत."

त्याचे कामगार हसले. मी टोपली उचलून वर आले. तुम्ही म्हणाल, देऊन टाकायचे होते, तुला काय करायचंय. गुंडी विचारेल ना ताई. तिला काय सांगू, मास्तरचं कालवण झालं?

तुम्हाला वाटतं मी हौसेनं ठेवलेत. हौस काय असते ती या खोलीत येऊन बघा. पलंगाखालून लेंड्या झाडते, दोन तासांनी परत तेवढ्याच. मुताचा वास भिंतीत गेलाय, घरमालक नाकाला रुमाल लावून दारातूनच बोलतो. चपलेचा पट्टा, गादीचं टोक, गुंडीच्या पुस्तकातलं हत्तीचं चित्र, सगळं कुरतडलंय. दात वाढतच जातात त्यांचे, थांबत नाहीत, म्हणून लाकूड द्यावं लागतं. कोबीची पानं जास्त झाली तर जुलाब. उकडलं की कान लाल होतात, मग गार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. एका वेळचं खाल्लं नाही तर जीव जाईल की काय म्हणून मी टांगणीला. आणि घाबरले की मागचा पाय जमिनीवर आपटतात, धप्प. खालचा माणूस झाडूच्या दांड्यानं छत ठोकतो. मग ते आणखी घाबरतात.

आणि दुकानदारानं मावशीच्या पोटाला हात लावून एक सांगितलं. भरलीय म्हणाला. मी म्हटलं, पिंजरे वेगळे आहेत हो, बाहेर एकेकालाच सोडते. तो म्हणाला, एकदाही एकत्र सोडले नाहीत? गेल्या महिन्यात फरशी पुसायला दोघांना बाहेर काढलं होतं. दोन मिनिटं.

"दोन मिनिटं म्हणजे सशांना चिक्कार," तो म्हणाला.

तर एवढ्यात घालवता येत नाहीत. पिल्लं होऊ द्या, पायावर उभी राहू द्या, मग सगळेच देते. पण पोरीला त्याआधी द्या ताई. तिला बघायचंय.

१५ एप्रिल, सोमवार

ताई,

तुमचं ऐकलं. पिल्लं काढून घेतली.

काल तुमच्याकडे नीट सांगता आलं नाही, गुंडी नाचत होती. शुक्रवारी कामावरून आले तर मावशीनं स्वतःच्या छातीचे केस उपटून फळांच्या लाकडी पेटीत गादी केली होती. मी धुलाईतून फाटक्या चादरीचा तुकडा आणला होता तोही तिनं दातांनी ओढून आत नेला. केसांच्या खाली पाच. केस नाहीत, डोळे नाहीत, बोटाएवढी, गुलाबी. हलतात तेव्हा वरचे केस श्वास घेतल्यासारखे वरखाली होतात. मी पेटीपाशी बसून रडले, उगाच.

पण मावशी आत जाईना. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सगळा, मी बघत होते. ती आपली खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पेटीकडे पाठ करून. पेटीकडे बघायचीसुद्धा नाही. मी उचलून पेटीत ठेवली तर उडी मारून बाहेर. म्हटलं, अगं, तुझीच आहेत ना?

हे काल तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही भाजी निवडता निवडता म्हणालात, "टाकली असणार. काही काहींना आईपण झेपत नाही." मी म्हटलं, पण पोटं तर टम्म आहेत त्यांची. तुम्ही म्हणालात, "उपाशी पोरांचीच पोटं फुगतात, एवढं कळत नाही? काढून घे तिच्याकडून. ड्रॉपरनं दूध पाज. तेवढं तरी होईल ना तुझ्याच्यानं?"

गुंडीनं ऐकलं सगळं. ती म्हणाली, "आई, मावशी वाईट आहे का?" तुम्ही हसलात.

तर काल संध्याकाळी परत आल्यावर काढली. बुटाच्या खोक्यात कापूस घालून पलंगावर ठेवली, मावशीला दिसू नयेत म्हणून वर कापड. औषधाच्या दुकानातून ड्रॉपर आणला. दूध कोमट करून थेंब थेंब. नाकातून बाहेर येतं ताई. कसं पाजायचं असतं? तुम्हाला माहीत असेल म्हणून विचारते. तुम्ही दोन मुलं वाढवलीत.

शिवणवाली दुपारी पाजेल म्हणाली. मी कामावर जाण्याआधी आणि आल्यावर पाजते. मावशी आज सकाळी मी उठले तेव्हा पेटीपाशी होती. मला बघून लांब गेली. आता जाऊन काय उपयोग, म्हटलं तिला.

मी करते सगळं तुम्ही सांगाल तसं. मला फक्त एवढं लिहून कळवा की गुंडीला कधी सोडणार.

२४ एप्रिल, बुधवार

ताई,

गेल्या रविवारी मी आले नाही म्हणून तुम्ही शिवणवालीच्या फोनवर बोललात म्हणे, "बघा, आता यायचंही बंद." मी ताप आला म्हणून आले नाही. ताप खरा होता. पण तापातही आले असते. तुम्हाला तोंड दाखवायचं नव्हतं, गुंडीला तर नव्हतंच.

पाचही गेली.

मागच्या आठवड्यात सोमवारी एक, मंगळवारी दोन. त्यातलं एक माझ्या हातावरच, दूध पाजताना. ठसका लागला, एवढासा, ठसका म्हणायचा तरी कसा. मग हलेना. बुधवारी कामावर खाडा केला आणि उरलेली दोन ब्लाउजच्या आत धरून जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर यायचे होते. तिथला कंपाउंडर, म्हातारा माणूस, टेबल धूत होता. मी बाहेर काढलेली पिल्लं बघून म्हणाला, "आई मेली का यांची?"

मी म्हटलं, नाही, तिनं टाकली.

"कशावरून?"

सगळं सांगितलं. आत जात नाही, पाठ करून बसते, बघत नाही. तो हात पुसत ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पोटं कशी होती? काढलीत तेव्हा?"

म्हटलं, फुगलेली. टम्म.

"अहो बाई," तो म्हणाला, "दुधानं भरलेली होती ती."

ताई, ससा दिवसातून एकदाच पाजतो. एकदा, फार तर दोनदा. पहाटे, कुणी बघत नसताना. तीन-चार मिनिटं. पिल्लं तेवढ्यात पोटं भरून घेतात आणि पुढं दिवसभर गप्प पडून राहतात. आणि आई मुद्दाम लांब बसते, मुद्दाम तिकडं बघत नाही. "ती जवळ बसली तर वासावरून कुत्र्यामांजराला कळेल ना, घरटं कुठंय ते," कंपाउंडर म्हणाला. "ती लांब बसते म्हणून ती वाचतात. तुम्ही काढून घेतलीत म्हणून मेली."

असं म्हणाला. वाईट मनानं नाही, टेबल धुता धुता.

धावत घरी आले, दोन्ही पेटीत ठेवली. एक दुपारीच गेलं. शेवटच्याला गुरुवारी पहाटे मावशीनं पाजलं, मी पलंगावरून चादरीच्या फटीतून बघितलं. ती पेटीत गेली, उभ्या उभ्या पाजलं, बाहेर आली, तोंड धुतलं पुढच्या पायांनी आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करून बसली. जसं काही झालंच नाही. चार मिनिटंसुद्धा नाही. पण माझं दूध त्याच्या पोटात बाधलेलं होतं. शुक्रवारी ते पण गेलं.

तुम्ही सांगितलंत म्हणून केलं असं मी म्हणत नाही. हात माझे होते. पण तुम्हीच सांगितलंत हे इथं लिहून ठेवते, कारण बोलताना माझ्या तोंडून निघणार नाही.

गुंडीला सांगू नका. मी सांगेन.

२९ एप्रिल, सोमवार

ताई,

सांगू नका म्हटलं होतं.

काल मी चप्पल काढतेय तोवर पोरगी समोर येऊन उभी. मिठी नाही काही नाही. "आई, पिल्लं तू मारलीस?"

तुम्ही तिथंच होतात. टेबल पुसत होतात, पुसलेलंच परत. मी वाट बघितली. म्हटलं, आता म्हणतील, अगं मीच सांगितलं होतं तिला. अर्धं तरी म्हणतील. तुम्ही फडकं उलटं करून घेतलंत आणि दुसऱ्या बाजूनं पुसायला लागलात.

मी म्हटलं, "हो गं. मला कळलं नाही."

तिनं पाय आपटला. दोनदा. तुम्ही म्हणालात, "बघ कसली हट्टी झालीय, आईवर गेलीय." ताई, तो हट्ट नाही. मावशी घाबरली की तसं करते, तिच्याकडून शिकलीय ती. ती तुमच्याकडे महिनाभर राहूनही तुम्हाला एवढं कळलं नाही की पोर घाबरली की पाय आपटते. किती वेळा आपटला असेल तिनं तुमच्या घरात आणि किती वेळा तुम्ही हट्टी म्हणाला असाल.

निघताना तुम्ही कागद दिलात. टाइप केलेला. पहिलीत टाकायला शाळेनं मागितलाय म्हणालात, सही करून पुढच्या रविवारी आण. बसमध्ये वाचला. "मी माझ्या मुलीचा सांभाळ करण्यास असमर्थ असून तिला स्वखुशीने कायमस्वरूपी तिच्या आत्याकडे देत आहे." असमर्थ म्हणजे काय ते मला माहीत आहे. स्वखुशी शिवणवालीला विचारून घेतलं. तुमचा भाऊ तिच्या फोनवर मिळाला. मी वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई म्हणेल तसं कर. तुला एकटीला जमत नाहीये ना." मागून कुणीतरी त्याला जेवायला हाक मारली आणि तो गेला.

तर आता लिहितेच. सही करायची की नाही ते त्याशिवाय ठरणार नाही माझं.

मी पाणी आणायला गेले नव्हते.

मी कामावर होते. पहिली पाळी सहाची. साडेपाचला निघते. गुंडी झोपलेली असते. मी तिच्या अंगावर पांघरूण सारखं करते, वाटीत खाऊ ठेवते आणि बाहेरून कुलूप लावते. किल्ली शिवणवालीकडे. ती आठला उघडते, पोरीला आपल्याकडे नेते. त्या दिवशी तिच्या बहिणीकडे कुणी आजारी पडलं, ती दहाला आली. गुंडी उठली, ससे सोडले, पंखा लावायला गेली.

आणि त्या दिवशीच नाही. रोज. तुमचा भाऊ गेल्यापासून रोज. पाच मिनिटं लिहिलं ते खोटं.

आणखी एक. तिला मी शिकवलं होतं की बाहेरून कुणी कडी वाजवली, काहीही झालं, तरी आवाज करायचा नाही. घरात पोर एकटी आहे हे कुणाला कळता कामा नये. खेळ म्हणून शिकवलं, ससा ससा. ससे ओरडतात का? नाही. मग आपण पण नाही. ती इतकी छान शिकली ताई. हात भाजला, कातडी निघाली, आणि ती ओरडली नाही. शिवणवालीनं दार उघडलं तेव्हा पलंगाखाली बसली होती, तोंडात ओढणी धरून. भिंतीपलीकडे माणसं होती. एक हाक मारली असती तर कुणीतरी कुलूप तोडलं असतं.

हे मी दवाखान्यातही सांगितलं नाही. कुणालाच नाही. त्या कंपाउंडरनं लांब बसणाऱ्या आईचं सांगितलं तेव्हा मी मागं वळून दाराकडे बघितलं. मला वाटलं हा माणूस माझ्याबद्दल बोलतोय, याला कुणी सांगितलं?

आता तुमच्या हातात पुरावा आहे. दाखवा हवा त्याला. मला भीती वाटते, रोज वाटते, लिहितानाही वाटतेय. पण खोट्यावर पोरगी परत मागितली तर ती मिळूनही माझी होणार नाही.

६ मे, सोमवार

ताई,

काल तुमच्या दाराला कुलूप होतं.

मी जिन्यावर बसले, तासभर. माझा तेवढाच वेळ असतो, तुम्हीच म्हणता. समोरच्या बाईंनी दार उघडून सांगितलं, सगळे बाहेर गेलेत, उशिरा येतील. मग दार लोटताना आतल्या कुणाला तरी म्हणाल्या, "तीच ती, पोर टाकलेली." तुमची सगळी बिल्डिंग तो शब्द शिकली.

तुमच्या दाराच्या खालच्या फटीतून गुंडीची एक चप्पल दिसत होती. पट्टा तुटलेली, मास्तरनं खाल्लेली तीच, बाहेर जाताना बूट घातले असतील. नवी घेतली नाहीत हे बघून मला बरं वाटलं. असं बरं वाटणं वाईट आहे, माहीत आहे मला.

मी काय काय केलं ते सांगते. धुलाईतल्या मुकादमबाईंना सगळं सांगितलं, कुलपासकट. त्या आधी खूप बोलल्या, ते लिहीत नाही, बरोबरच बोलल्या. मग मला दुपारच्या पाळीत घेतलं. आता सकाळभर घरी. दुपारी, पुढं शाळा लागली की सुटल्यावर, पोरगी शिवणवालीकडे, तिच्या मशिनीपाशी, दार उघडं. खोलीचं कुलूपच मी किल्लीसकट घरमालकाला देऊन टाकलं. आता कडी फक्त आतून. इथल्या शाळेत जाऊन आले. आई असली की पुरतं म्हणाले, कुणाचा कागद लागत नाही. तुमच्या शाळेलाच कसा लागतो कोण जाणे.

मास्तरला कंपाउंडरनं नेलं. त्याच्या अंगणात जागा आहे. पाळणार ना, विचारलं, तर म्हणाला, "या वयात मला ससा चाववत नाही बाई." मावशीला दिलं नाही. तुमची अट मी अर्धीच पाळली. तुम्हीही माझं अर्धंच वाक्य पाळलं होतंत.

मावशी अजून पेटीत जाते. रोज पहाटे. पेटी मी धुऊन ठेवली, आत काही नाही, केससुद्धा नाहीत. ती आत जाते, उभी राहते, तेवढीच तीन-चार मिनिटं, आणि बाहेर येऊन पाठ करून बसते. पेटी उचलून ठेवायची म्हणते रोज. हात होत नाही.

राहिला तुमचा कागद. त्याचं असं झालं, मी सही करायला बसले होते. खरंच बसले होते. मागचं पत्र लिहून झाल्यावर वाटलं, तुम्ही म्हणता तेच खरं. पेन घेतलं. नाव लिहायच्या आधी मावशीकडे बघितलं, ती कोपऱ्यात पाठ करून. मग कागदाची चार पदरी घडी केली आणि तिच्यापुढं सरकवली. तिनं आधी हुंगला. मग कोपऱ्यापासून सुरुवात केली, सहीच्या जागेपासूनच. स्वखुशीपर्यंत पोचायला तिला जास्त वेळ लागला नाही.

उरलेला तुकडा सोबत पाठवतेय. "कायमस्व" एवढं वाचता येतं.

तुमच्या भावाला, समोरच्या बाईंना, शाळेला, ज्याला सांगायचं त्याला सांगा. माझ्याच शब्दात सांगा म्हणजे गाळागाळ नको. पोर मी टाकली नव्हती. कागद टाकला. सशापुढं टाकला, जाणूनबुजून.

येत्या रविवारी येते. मोठी पिशवी घेऊन येते, तिच्या कपड्यांना. कुलूप असलं तर जिन्यावर बसेन आणि त्याच्या पुढच्या रविवारी परत येईन. गुंडीला एवढंच सांगा की घरात ओरडलं तरी चालतं आता. तुमच्या घरातही चालतं, आधी तिथं ओरडून बघ म्हणावं.

साय काढत जा.

शिवणवाली खाली निघालीय, तिच्याबरोबर जाऊन हे कोपऱ्यावरच्या पेटीत टाकते.